सर्ज प्रोटेक्टर घेताना : अर्थिंग आधी, बोर्ड नंतर

कपड्याच्या धंद्यात माल हाती आला की बोटांना पोत कळतो. सूत कसले, वीण दाट की विरळ, रंग पक्का की कच्चा, हे सांगायला वर्षानुवर्षांची सवय पुरेशी असते. पण बंद प्लास्टिकच्या खोक्यातला विजेचा बोर्ड हातात घेतला, तर आमच्यासारख्या माणसाला काय कळणार? दोन बोर्ड बाहेरून अगदी सारखे दिसतात. एकाच्या पोटात खरे संरक्षण असते, दुसऱ्याच्या पोटात नुसता लाल दिवा. दुकानदार मात्र दोघांनाही 'स्पाइक गार्ड' म्हणतो.

आज आपल्या घरोघरी टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक आणि इंटरनेटचा राउटर आहे. अनेक कारीगर बांधवांच्या घरातच सर्वो मोटरची शिलाई यंत्रे किंवा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची यंत्रे आहेत. या सर्वांच्या आत नाजूक सर्किट असते. ते एकदा जळाले की दुरुस्तीचा खर्च आणि कामाचा खाडा असे दुहेरी नुकसान होते. म्हणून या वस्तूची निवड कशी करावी, याबद्दल चार गोष्टी वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत. आम्ही इंजिनिअर नाही. स्वतः नुकसान सोसून, जाणकार मिस्त्रींना विचारून जे शिकलो, तेच येथे सांगतो.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. बकरी ईद आठ-दहा दिवसांवर आली होती. आमच्या घराच्या माळ्यावर एक भाडेकरू कारीगर तीन शिलाई यंत्रे चालवतात. मगरिबच्या वेळी यंत्रे थांबवून सगळे मशिदीत गेले होते. खटके मात्र चालूच होते. नमाज आटोपून परतलो तेव्हा आमच्या घरातले दिवे डोळे दिपतील असे पेटलेले, आणि समोरच्या घरातले दिवे मिणमिणते! मेन स्विच बंद करेपर्यंत जळका वास सुटला होता. टीव्ही गेला, राउटर गेला, आणि तीनपैकी दोन यंत्रांचे कंट्रोल बॉक्स गेले. ईदच्या शिलाईचे कपडे अर्धवट राहिले. त्या कारीगराचे चार दिवस आणि दोन कायमची गिऱ्हाइके गेली.

आम्हाला राग आला तो बोर्डाचा. कारण टीव्ही आणि राउटर ज्या बोर्डावर होते, तो आम्ही 'सर्ज प्रोटेक्टर' म्हणून चांगला भाव देऊन घेतला होता. तो उघडून पाहिला तर आतली चकती करपून फुटलेली. दुकानदाराशी भांडायला निघालो, तेवढ्यात जुने वायरमन मिस्त्री आले. त्यांनी सॉकेट तपासले आणि म्हणाले, "चाचा, बोर्डावर कशाला रागावता? गल्लीतला न्यूट्रल तुटलाय. हे काम या बोर्डाचं नाहीच. आणि तुमच्या या तिसऱ्या छिद्राच्या मागे तारच नाही!"

तीन छिद्रांचे सॉकेट म्हणजे अर्थिंग आहे, असे आम्ही इतकी वर्षे समजून चाललो होतो. ही आमचीच गफलत होती.

चार आजार, चार इलाज

विजेचे आजार चार प्रकारचे आहेत. आजार ओळखल्याशिवाय औषध घेतले, तर पैसा जातो आणि गुणही येत नाही.

पहिला आजार म्हणजे झटका, म्हणजेच सर्ज किंवा स्पाइक. आसपास वीज पडली, गेलेला पुरवठा एकदम परत आला, मोठी मोटर बंद-चालू झाली की तारेतला दाब क्षणभर शेकडो किंवा हजारो व्होल्टपर्यंत उसळतो. हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या, कधी लाखाव्या भागाएवढा छोटा असतो. सर्ज प्रोटेक्टर याच आजाराचे औषध आहे.

दुसरा आजार म्हणजे टिकून राहणारा जादा दाब. आमच्याकडे हाच झाला. आपल्या घरी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट दाब असतो. पण गल्लीतल्या दोन वेगवेगळ्या फेजमध्ये तो ४०० व्होल्ट असतो. सर्वांचा सामाईक न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची घरे एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणीही उलटी होते. ज्या घरी जास्त यंत्रे चालू असतील तेथे दाब घटतो, आणि ज्या घरी कमी चालू असतील तेथे तो वाढतो. मगरिबला आमचे घर जवळजवळ रिकामे होते, म्हणून मोठा वाटा आमच्याच पदरात पडला.

तिसरा आजार म्हणजे कमी दाब. याचा त्रास फ्रीज, एसी आणि पाण्याच्या पंपाच्या मोटरला होतो. यावर इलाज स्टॅबिलायझर, नाहीतर कमी दाबाला पुरवठा तोडणारे साधन. चौथा आजार म्हणजे वीज जाणे. त्याला यूपीएस किंवा इन्व्हर्टर लागतो.

एमसीबी आणि आरसीसीबी यांच्याबद्दलही अनेकांचा गैरसमज आहे. एमसीबी घरातल्या तारेची राखण करते, म्हणजे भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले की पुरवठा तोडते. आरसीसीबी माणसाची राखण करते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची घेतात. झटका येतो आणि जातो तेवढ्या वेळात यांपैकी कोणीही जागे होत नाही. म्हणून 'आमच्याकडे एमसीबी आहे, आम्हाला भीती नाही' असे समजू नये.

बोर्डाच्या पोटात असते काय?

खऱ्या सर्ज प्रोटेक्टरच्या आत झिंक ऑक्साइडची एक किंवा अनेक चकत्या असतात. त्यांना व्हेरिस्टर म्हणतात. धरणाला जसा सांडवा असतो, तशी ही चकती समजावी. पाणी पातळीत असेपर्यंत सांडवा कोरडा असतो. पूर आला की जादा पाणी सांडव्यातून निघून जाते आणि धरण वाचते. चकतीही नेहमीच्या दाबाला वीज अडवून धरते, आणि झटका आला की क्षणात वाट मोकळी करून तो न्यूट्रलकडे किंवा जमिनीकडे वळवते.

या उदाहरणातूनच तीन गोष्टी निघतात.

एक, सांडव्याखाली पाणी वाहून न्यायला नाला हवा. बोर्डासाठी तो नाला म्हणजे अर्थिंग. चांगल्या बोर्डात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जागी चकत्या असतात. अर्थिंग नसेल तर पहिली चकती काम करते, बाकीच्या दोन निकामी राहतात. म्हणजे भाव तिघींचा दिला आणि पदरात एकच पडली.

दोन, प्रत्येक पुराने सांडवा थोडा झिजतो. चकतीही प्रत्येक झटक्यात थोडी झिजते आणि एक दिवस संपते. चकती संपली तरी पुष्कळ बोर्डांमधून वीज मिळतच राहते. मालकाला काहीच कळत नाही.

तीन, सांडवा पुरासाठी असतो. नदी कायमची त्याच्यावरून वाहू लागली तर तो फुटतो. आपल्याकडच्या बोर्डात बहुधा २७५ व्होल्टची चकती असते. न्यूट्रल तुटून दाब साडेतीनशे-चारशेवर जाऊन टिकला, तर ती चकती सेकंदाला १०० वेळा वाट उघडते, तापते आणि जळते. आमच्या बोर्डाचे हेच झाले. बोर्ड लबाड नव्हता. आम्हीच त्याच्याकडे भलत्या कामाची अपेक्षा ठेवली होती.

खरेदी करताना काय पाहावे

पहिली गोष्ट आयएसआय चिन्ह. प्लग आणि सॉकेटसाठी आयएस १२९३ हे भारतीय मानक आहे. चिन्हाजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तो टाकून खरा-खोटा तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होणारे काम आहे. संकोच करू नये. मात्र हे चिन्ह सॉकेटच्या सुरक्षिततेचे आहे. आत चकती आहे की नाही, ते वेगळे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट आकडे. खऱ्या सर्ज प्रोटेक्टरच्या खोक्यावर तीन आकडे लिहिलेले असतात : तो किती जूल ऊर्जा सोसतो, किती अँपिअरचा झटका वळवतो, आणि झटका किती व्होल्टवर रोखून धरतो. शेवटच्या आकड्याला क्लॅम्पिंग व्होल्टेज म्हणतात. तो जितका कमी तितका चांगला. २७५ व्होल्टच्या चकतीसाठी तो साधारण ७०० च्या आसपास असतो. हा आकडा वाचून घाबरू नये. अनेक हजार व्होल्टची उसळी त्या मानाने पुष्कळ खाली आणलेली असते आणि तीही क्षणभरच. जूलचा आकडा मोठा असेल तर चकतीला आयुष्य जास्त. राउटरसारख्या लहान वस्तूला काही शे जूल चालतील. महागडा टीव्ही, संगणक किंवा शिलाई यंत्राचा कंट्रोल बॉक्स यांना हजारच्या पुढचा घ्यावा, असे आमचे मत आहे. खोक्यावर एकही आकडा नसेल, नुसते 'स्पाइक गार्ड' किंवा 'सुरक्षित' लिहिले असेल, तर तो साधा बोर्ड समजावा आणि साध्या बोर्डाचाच भाव द्यावा.

तिसरी गोष्ट दिवा. खटक्यातला लाल दिवा फक्त वीज आल्याचे सांगतो. संरक्षण शाबूत आहे हे सांगणारा दिवा वेगळा असतो. तो असलेलाच बोर्ड घ्यावा आणि महिन्यातून एकदा पाहावा. संरक्षण संपताच पुरवठाच बंद करणारा बोर्ड मिळाला तर अधिक उत्तम. आत थर्मल फ्यूज असल्याचे लिहिले आहे का, हेही वाचावे. चकती तापली तर आग लागण्याआधी तोच तिला तोडतो.

चौथी गोष्ट भार. ६ अँपिअरच्या बोर्डावर २३० व्होल्टने १३८० वॉटपेक्षा जास्त भार टाकता येत नाही. इस्त्री, गिझर, एसी, पाण्याची मोटर या बोर्डावर लावू नयेत. त्यांना भिंतीतले १६ अँपिअरचे सॉकेट हवे. बोर्डात बोर्ड खोचू नये. तार तीन पदरी असावी आणि प्लगला तीन पिना असाव्यात. दोन पिनांचा प्लग असलेल्या बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर म्हणणे म्हणजे नाल्याशिवाय सांडवा बांधणे होय.

पाचवी गोष्ट आखातातून आलेल्या मालाची. आपल्या पुष्कळ घरांतले लोक आखातात कमवायला जातात आणि येताना असे बोर्ड आणतात. सौदी अरबियात पूर्वी घरगुती पुरवठा १२७ व्होल्टचा होता. त्या दाबासाठी किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी बनलेला बोर्ड आपल्या २३० व्होल्टला लावला, तर त्याची चकती पहिल्याच क्षणी जळू लागते. मागे छापलेला दाब वाचल्याशिवाय तो लावूच नये. दुबई-कुवेतकडचे जाड चौकोनी पिनांचे बोर्ड आपल्या दाबाला चालतात, पण ते अडॅप्टर लावून जोडावे लागतात आणि स्वस्त अडॅप्टरमध्ये अर्थची पिन जोडलेली असेलच असे नाही.

आधी अर्थिंग

आता मुख्य मुद्दा. दुकानात जाण्याआधी वायरमनला घरी बोलवावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. नुसते पाहून नव्हे, अर्थ टेस्टरने मोजून. घरासाठी हा रोध ५ ओहमच्या आत असावा, असे जाणकार सांगतात. जुन्या पद्धतीत खड्ड्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात. उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून अधूनमधून पाणी घालावे लागते. आजकाल केमिकल अर्थिंगही मिळते.

येथे दोन सावधगिरीचे शब्द. काही मिस्त्री पैसे वाचवायला अर्थची तार नळाच्या पाइपला बांधतात. आज निम्मे पाइप प्लास्टिकचे असतात. वीज जमिनीत न जाता नळाला येऊन थांबते आणि वजू करणाऱ्याच्या जिवावर बेतते. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. न्यूट्रल तुटला की यंत्राचे लोखंडी अंग जिवंत होते. या दोन्ही गोष्टी कोणी करून देतो म्हणाला, तरी करू देऊ नयेत.

चाळीत, भाड्याच्या खोलीत राहणारे विचारतील, आम्ही खड्डा कुठे खणावा? त्यांना आमची सूचना अशी की, हे काम एकट्याने करू नये. इमारतीतल्या सर्वांनी मिळून एक चांगले अर्थिंग करून घ्यावे आणि प्रत्येक घराच्या मीटरपर्यंत जाड तार आणावी. वाटून घेतला तर खर्च जड होत नाही, आणि लाभ सर्वांच्या लेकरांना होतो.

मोठ्या संरक्षणाची दोन साधने

अर्थिंग झाले की मेन बोर्डात दोन साधने बसवण्याचा विचार करावा. एक एसपीडी. हा सर्ज प्रोटेक्टरचा मोठा भाऊ. घराच्या बोर्डासाठी 'टाइप २' मागावा. त्यावर आयईसी ६१६४३-११ हे मानक लिहिलेले असावे. त्याच्या खिडकीत हिरवा रंग असेल तर तो शाबूत, लाल झाला तर बदलायचा. त्याच्या तारा जितक्या आखूड तितके संरक्षण चांगले. एकूण अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात, हे मिस्त्रीला बजावून सांगावे.

दुसरे साधन दाब फार वाढला किंवा फार घटला की संपूर्ण घराचा पुरवठा तोडणारे. दुकानात 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' म्हणून मागावे. न्यूट्रल तुटण्याच्या आजाराला खरा इलाज हाच. दाब ठिकाणावर आला की काही वेळ थांबून ते आपोआप पुरवठा जोडते. त्यामुळे फ्रीजच्या कॉम्प्रेसरलाही विसावा मिळतो. त्या संध्याकाळी हे साधन आमच्याकडे असते, तर कारीगराचे दोन्ही बॉक्स बहुधा वाचले असते. आता ते बसवले आहे. यंत्रे ज्याची त्याची असली तरी घराच्या मेन बोर्डाची जबाबदारी घरमालकाची, असे आम्ही मानतो. म्हणून त्याचा खर्च भाडेकरूवर टाकला नाही.

ढग गडगडू लागले की

आपल्याकडे मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विजांचा जोर असतो. घरावर किंवा तारेवर थेट वीज पडली, तर कोणताही बोर्ड टिकणार नाही. अशा वेळी प्लग सॉकेटमधून काढून ठेवणे हाच सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा इलाज. टीव्हीची केबल किंवा डिशची तारही काढावी, कारण झटका तिच्यातूनही येतो. इंटरनेट काचेच्या फायबरवरून येत असेल तर त्या तारेतून वीज येत नाही. राउटरचा विजेचा प्लग मात्र काढावाच लागतो. हे सर्व गडगडाट दूर असतानाच करावे. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देते. ते घरात एकाच्या तरी मोबाइलवर असावे.

वीज जाऊन परत आली की यंत्रे लगेच चालू करू नयेत. पाच मिनिटे थांबावे. दिवे एकदम प्रखर किंवा एकदम मंद झाले, तर कारण शोधत बसू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग वीज कंपनीला कळवावे.

विकणाऱ्या बांधवांसाठी

या पानाच्या वाचकांत इलेक्ट्रिकचे दुकानदारही आहेत. त्यांना एक विनंती. मालातला ऐब लपवून विकू नये, हा आपल्या तिजारतीचा पहिला धडा आहे. थानात एक डाग असला तर आपण गिऱ्हाइकाला तो उलगडून दाखवतो. मग ज्या बोर्डात चकतीच नाही, तो 'सर्ज' म्हणून कसा विकता येईल? साधा बोर्ड साधा म्हणूनच विकावा. आणि चांगला बोर्ड विकतानाही 'घरी अर्थिंग आहे ना?' एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने विक्री थोडी लांबेल, पण गिऱ्हाईक कायमचे जोडले जाईल आणि कमाईत बरकत राहील.

गिऱ्हाइकाने पक्के बिल घ्यावे आणि हमीचा कागद जपून ठेवावा. फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुरवठ्याच्या दोषाने नुकसान झाले असेल, तर वीज कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी तक्रार करावी. जळालेली वस्तू, दुरुस्तीचे बिल, तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवली, तरच तक्रारीला वजन येते. आम्ही त्या दिवशी यांपैकी काहीच जपून ठेवले नाही, म्हणून आमची तक्रार तोंडीच राहिली.

तात्पर्य असे की, क्रम ध्यानात ठेवावा : आधी अर्थिंग, मग मेन बोर्डातले संरक्षण, आणि शेवटी टीव्हीमागचा सर्ज प्रोटेक्टर. आम्ही शेवटची पायरी आधी चढलो आणि पडलो. उंट बांधूनच तवक्कुल करायचा असतो, हे मकतबात शिकलो होतो. पण दावे ज्या खुंटीला बांधायचे, ती जमिनीत रोवलेली आहे की नाही, हे पाहायचे राहून गेले होते. वाचक बांधवांनी या आठवड्यात एवढेच करावे : घरातल्या तिसऱ्या छिद्राच्या मागे तार आहे की नाही, ते वायरमनकडून पाहून घ्यावे. अल्लाह सर्वांच्या घरांची आणि रोजीची हिफाजत करो.